पन्नास एमएम लेन्स आणि आमचा दहा बाय पंधराचा हॉल

माझ्या मामेबहिणीने कॅमेरा घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन, ताई, कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स सोडून अजून एकच घ्यायची तर कुठली घेऊ. तिला फोनवर पाऊण तास जे सांगितलं तेच इथे लिहून काढतेय, कारण हा प्रश्न मला ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारतात, आणि मी दर वेळी एकच उत्तर देते आणि दर वेळी त्याला एक 'पण' जोडते. उत्तर आहे कॅनन ईएफ ५० एमएम एफ १.८ एसटीएम. आणि 'पण' असा, की तुमचा हॉल किती मोठा आहे?

माझ्या कॅमेऱ्याची बॉडी कॅनन २००डी, म्हणजे काही फार ग्रेट नाही, सुरुवातीला सगळे घेतात तसलीच. लेन्स सहा वर्षांपूर्वी दिवाळी बोनसमधून घेतली, ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून चालत बोराबाजार, चार दुकानं फिरून. तेव्हा आठ हजारांच्या आसपास पडली, आता महाग झालीय. बॉक्स उघडला तर आत एवढीशी आमटीच्या वाटीएवढी लेन्स, १६० ग्रॅम वजन, दोन बाजूंची दोन झाकणं आणि कागद. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायचं कडं, नाही. कॅनन या स्वस्त लेन्सांबरोबर हूड देतच नाही, तो वेगळा घ्यायचा, आणि तो का घ्यायचाच ते पुढे सांगते, त्यात माझी रडकथा आहे.

आधी मला ही लेन्स का हवी होती ते. किट लेन्सवर म्हणजे १८-५५ वर झूम पुढे नेलं की अपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). आमचं घर नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये, दुसरा मजला, समोर दुसरी बिल्डिंग, त्यामुळे दुपारी चारनंतर घरात उजेड नावाचा प्रकार नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली कुणाचा फोटो काढायचा तर एकतर तो हलायचा नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, ६४०० वर नेऊन चेहऱ्यावर रवा पेरल्यासारखं दिसायचं. फ्लॅश मारला की आजी डोळे मिटते, कायम. एफ १.८ चं भोक ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेतं, त्यामुळे जिथे ६४०० लागायचं तिथे ८०० वर काम व्हायला लागलं, तेही शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवून. पहिल्या दिवशी आजी खिडकीपाशी मेथी निवडत बसली होती, मी फ्लॅश न मारता एक फोटो काढला, स्क्रीनवर बघितला आणि आईला जोरात हाक मारली. एवढंच आठवतंय.

आता 'पण' कडे येते. २००डी मध्ये सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या आकारापेक्षा) लहान असतो, कॅननचं गणित १.६ चं. लेन्स ५० चीच राहते, फक्त कडा कापल्या जातात आणि चित्र साधारण ८० एमएमच्या लेन्ससारखं दिसतं. हे सगळं आधी वाचलं होतं हो, पण वाचणं वेगळं आणि भाच्याच्या वाढदिवसाला दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये वीस माणसं, मधे केक, आणि हातात पन्नास, हे वेगळं. मागे सरकले, शोकेसला टेकले. अजून मागे, बाल्कनीत गेले, तिथे ओले टॉवेल. टॉवेल डोक्यावर घेऊन काढला तरी भाचा, केक आणि वहिनीचा अर्धा हात. बाबा म्हणाले, "आता काय समोरच्या जोशांच्या घरातून काढणार का?" अर्थातच त्या दिवशी शेवटी सगळे फोटो दादाच्या मोबाइलवर काढले गेले आणि मी केक खाल्ला.

नंतर मी टेप घेऊन मोजलं, खरंच. कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर खाली थोडी जागा सोडून घ्यायचा तर साडेचार मीटर मागे जावं लागतं, म्हणजे जवळजवळ पंधरा फूट, म्हणजे आमच्या हॉलची एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतची सगळी लांबी, मधला सोफा नाही असं धरून. कमरेपर्यंत घ्यायचा तर दोन मीटर. खांद्यापर्यंत सव्वा मीटर. हे तीन आकडे पाठ करून ठेवा, यावरूनच ठरेल तुम्हाला ही लेन्स जमणार की नाही. घरातले समारंभ हाच तुमचा मुख्य विषय असेल तर सरळ कॅननचीच २४ एमएम एफ २.८ पॅनकेक (चपटी) घ्या, ती अशा लहान सेन्सरच्या, म्हणजे क्रॉप, बॉडीवर ३८ च्या आसपास बसते, १२५ ग्रॅमची आहे आणि १६ सेंटीमीटरवरून फोकस होते. मिसळीचे फोटो काढणाऱ्यांसाठी तर तीच. पन्नास घेऊन मिसळ खायला गेलात तर ताट, पाव, तर्रीची वाटी सगळं फ्रेममध्ये यायला खुर्चीतून उठून उभं राहावं लागतं, आणि ठाण्यात मिसळीच्या हॉटेलात तुम्ही उठलात की मागचा माणूस तुमच्या खुर्चीवर बसायला तयारच असतो.

मग माझी आवडती कशी काय? तर माणसांमुळे.

सव्वा ते दोन मीटर हे अंतर फार मजेशीर आहे. त्याहून जवळ गेलं की समोरचा आखडतो, त्याहून लांब गेलं की चोरून फोटो काढल्यासारखं वाटतं आणि आपण ओरडून बोलायला लागतो. या अंतरावर नेहमीच्या आवाजात गप्पा चालू ठेवता येतात. जांभळी नाक्याच्या बाजारात एक मावशी बसतात फुलं घेऊन, मी सकाळी ऑफिसला जायच्या आधी कधीतरी तिकडे चक्कर मारते. पहिल्यांदा विचारलं, "मावशी, एक फोटो काढू का?" तर म्हणाल्या, "माझा काय काढतीस, झेंडूचा काढ, आज ताजा आलाय." मग झेंडूचा काढला, दाखवला, दोन हार घेतले, आणि मग वेणी करता करता त्या एकदम वर बघून हसल्या तेव्हा त्यांचा काढला. किट लेन्सने असाच फोटो काढला असता तर मागचा टेम्पो, लटकणाऱ्या पिशव्या, बाईकवाला, सगळं तितकंच स्पष्ट आलं असतं. यात मागे नुसते पिवळे केशरी गोळे.

एक गोष्ट मात्र कुठलीच लेन्स सुधारत नाही. बाजारात वर निळी ताडपत्री असते, त्यातून गाळून येणारा उजेड तोंडावर पडला की माणूस आजारी दिसतो, निळसर. मावशींचे पहिले तीन फोटो असेच आले. मग त्यांना म्हटलं जरा रस्त्याच्या बाजूला तोंड करा, तर बाजूने स्वच्छ पांढरा उजेड आला आणि गालावरच्या सुरकुत्या अशा सुंदर उठल्या की काय सांगू. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर निळा थोडाफार नंतर काढता येतो, पण ताडपत्रीचा काठ शोधणं सोपं. प्रिंट काढून मावशींना दिला, त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघून कमरेच्या पिशवीत टाकला आणि हाराचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

नवीन लोकांची हमखास होणारी चूक सांगते, माझीही झाली. एफ १.८ मिळालंय ना, मग सगळं १.८ वरच. खांद्यापर्यंतचा फोटो सव्वा मीटरवरून काढला तर १.८ वर जेमतेम चार सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. चार सेंटीमीटर म्हणजे किती, तर नाकाचा शेंडा ते डोळे एवढंच. आजीचा एक फोटो माझ्याकडे आहे, त्यात चष्म्याची काडी अशी कडक फोकसमध्ये आलीय की तिचा स्क्रू मोजता येईल, आणि डोळे धुक्यात. आजीला तो भयंकर आवडला, म्हणाली यात सुरकुत्या नाहीत. मी आता २.२ ते २.८ मध्येच असते, खोली थोडी वाढते, चित्र पण जास्त टोकदार येतं. १.८ वर ही लेन्स तशी थोडी मऊच आहे, कडांना तर नक्कीच, आणि चकचकीत गोष्टींच्या काठाला जांभळट रेघ येते. बारशाला वहिनीने मोत्याची नथ घातली होती, बाहेरून उजेड येत होता, मोत्यांच्या भोवती जांभळी किनार. २.८ वर गेले, बरीचशी गेली.

फोकस चुकण्यात निम्मा दोष कॅमेऱ्याचा असतो हेही कळायला मला वर्ष लागलं. २००डी ला व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे फक्त नऊ पॉइंट, त्यात मधला एकच काय तो भरवशाचा, आणि फोकस पुढेमागे होत असेल तर तो जुळवून घ्यायची सोय या बॉडीत दिलेलीच नाही. म्हणून पोर्ट्रेट काढताना मी सरळ लाइव्ह व्ह्यू लावते, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढते, चेहरा कॅमेरा स्वतः पकडतो, चुका एकदम कमी. लोकांना वाटतं हिला व्ह्यूफाइंडरमधून बघता येत नाही. वाटू दे.

पळणारी पोरं हा विषय मात्र सोडून द्या. उपवनला रविवारी संध्याकाळी शेजारच्या पिंट्याला सायकलवर पकडायचा प्रयत्न केला, चाळीस फोटोंत तीन बरे. एसटीएम, म्हणजे या लेन्समधली फोकस करणारी मोटर, आधीच्या मॉडेलपेक्षा शांत आहे पण वेगाच्या बाबतीत तशी आरामातच, आणि व्हिडिओ काढताना कॅमेऱ्याच्या माइकवर तिची बारीक किरकिर येतेच. मॅन्युअल फोकसची रिंगसुद्धा कॅमेरा चालू असेल तरच काम करते, कारण ती मोटरलाच सांगते, काचा थेट हलवत नाही.

जुनं मॉडेल म्हणजे ५० एमएम एफ १.८ मार्क टू, १९९० पासूनचं, ते माझ्या मैत्रिणीकडे आहे, मी दोन महिने वापरलं होतं. माउंटसकट, म्हणजे कॅमेऱ्याला बसणाऱ्या कड्यासकट, सगळं प्लास्टिक, फोकस करताना मिक्सर लावल्यासारखं घर्रर्र. आत अपर्चरच्या पाचच पाती, त्यामुळे जरा अपर्चर लहान केलं की मागचे दिवे पंचकोनी दिसतात. २०१५ ला आलेल्या एसटीएम मध्ये सात पाती आणि माउंट धातूचा, आणि ४५ सेंटीमीटरऐवजी ३५ वरून फोकस होतो. काचांची रचना बाकी तीच, पाच गटांत सहा काचा. मुळात ही जात फार जुनी आहे, जर्मनीत झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फने १८९६ मध्ये प्लॅनार बनवली, पुढे-मागे साधारण आरशात बघितल्यासारख्या काचा मांडून, त्याच खानदानातली ही पन्नास. सगळ्या काचा साध्या गोलाईच्या, महागडी वेगळी घडवलेली एकही नाही, म्हणून तर परवडते. मिररलेस कॅमेरा घेतलेल्यांनी आरएफची, म्हणजे कॅननच्या मिररलेससाठीची, पन्नास एफ १.८ बघावी, किंवा आधीपासून ही असेल तर अडॅप्टर लावून हीच चालवावी.

दिव्यांवरून आठवलं. नवरात्रात टेंभीनाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो, तिथली रोषणाई म्हणजे या लेन्सची दिवाळीच. १.८ वर मागचे दिवे मोठे गोल, कडेकडेला थोडे लिंबाच्या फोडीसारखे लांबट, मला आवडतात ते. पण घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोत आभाळात हिरवे ठिपके, दिव्यांची जशी रांग तशीच उलटी रांग. आधी वाटलं लेन्स गेली. दोन दिवस झोप नाही. मग कळलं की लेन्स घेताना दुकानदाराने "मॅडम, काच वाचेल" म्हणत जो तीनशेचा यूव्ही फिल्टर गळ्यात मारला होता त्याचा हा पराक्रम, दिव्याचा उजेड आतल्या सेन्सरवर आपटून फिल्टरवर आणि परत आत. फिल्टर काढला, ठिपके गायब. तो फिल्टर आता आमच्याकडे चहाच्या कपाखाली असतो.

काच वाचवायचीच असेल तर हूड घ्या, ईएस-६८ नावाचा, आणि इथेच माझी रडकथा. या लेन्सचं पुढचं नळकांडं फोकस करताना बाहेर येतं. कॅमेरा बंद केला आणि ते बाहेरच राहिलं, की त्याच्यावर दाब आला तर तो सरळ आतल्या बारक्या गिअरवर. मी ऐरोलीहून संध्याकाळी ट्रान्सहार्बरने येत होते, बॅग पोटाशी, ठाणे आल्यावर उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडले, नेहमीप्रमाणे, आणि माझी बॅग मधे सँडविच. घरी आल्यावर फोकस नुसता टक टक टक, आणि स्क्रीनवर एरर ०१. एका दुरुस्तीवाल्याकडे नेली, त्याने उघडूनसुद्धा न बघता मोटर गेली म्हणाला आणि जवळजवळ निम्म्या लेन्सची किंमत सांगितली. नाही म्हटलं तर "मग नवीनच घ्या" आणि वर बघण्याचे दोनशे. दुसऱ्याने माझ्यासमोर उघडली, जागेवरून सरकलेला भाग परत बसवला, चहा पिऊन होईपर्यंत लेन्स चालू. तेव्हापासून हूड कधी काढत नाही, दाब आला तर तो हूडवर येतो, नळकांड्यावर नाही. आणि कॅमेरा बंद करायच्या आधी लांबच्या कशावर तरी फोकस करून घ्यायचा, नळकांडं आत जातं. ही सवय लावूनच घ्या.

पावसाळा हा दुसरा शत्रू. लेन्सला पाण्यापासून काहीही संरक्षण नाही, शिंतोडे पडले तर पुसा आणि देवाचं नाव घ्या. पण त्याहून वाईट म्हणजे कपाटात पडून राहून लागणारी बुरशी. ठाण्यात जुलै ऑगस्टमध्ये चपलांना बुरशी येते, लेन्सची काय कथा. ड्राय कॅबिनेट घेण्याइतकी माझी इस्टेट नाही, मी चिवड्याचा एअरटाइट डबा घेतला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळे खडे गुलाबी झाले की ओल शोषून झाली, बदलायच्या किंवा सुकवायच्या. पहिले दोन महिने कॅमेऱ्याला चिवड्याचा वास यायचा. वापरलेली लेन्स घेणार असाल तर आतून मोबाइलचा टॉर्च मारून जाळं दिसतंय का ते आधी बघा, आणि नळकांडं बोटाने हलकेच हलवून बघा, खूप खुळखुळत असेल तर हात जोडा.

रोजच्या फिरण्याला कशी, असं विचाराल तर मी तलावपाळीला, राम मारुती रोडला, कोपिनेश्वराच्या बाहेर, सगळीकडे हीच नेते, झूम नसल्यामुळे पाय चालवावे लागतात आणि अख्खा तलाव कधीच मावत नाही, एक नाव, तीत बसलेले दोघं आणि पाण्यातला दिवा एवढं मावतं. मला तेवढं पुरतं. तुम्हाला अख्खा तलाव हवा असेल तर तुमचं माझं जमणार नाही. आणि प्लीज, ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला बोटीत बसून पन्नास नेऊ नका, मी नेली होती, एका फोटोत अडीचशे गुलाबी तांदूळ आलेत.

मामेबहिणीला हे सगळं सांगितलं, ती म्हणाली ताई, घेण्याआधी चार दिवस तुझीच वापरून बघू का. त्याला आता पाच आठवडे झाले. मी सध्या किट लेन्सवर आहे आणि आजी परत डोळे मिटायला लागलीय. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर भेटू तेव्हा आणून देते म्हणालीय, हूड लावूनच आण असं दोनदा बजावलंय.